फरासीस कोठीचे साहेब

सोनकांबळे साहेब कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत. डॉक्टर छाती वाजवून बघतात, तसं. चहा येईपर्यंत खोलीच्या चारही भिंती वाजवून झालेल्या असत आणि मग खुर्चीत टेकता टेकता ते निकाल सांगत, "ही दक्षिणेची भिंत पोकळ हाय. आत भर नीट दिली न्हाई." यजमानाला काय वाटेल, याचा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही अहमदपूरला गेलो तेव्हा कुणी वडीलधारं माणूस बरोबर असावं म्हणून मी त्यांना नेलं. पोह्यांच्या बश्या समोर आलेल्या, मुलगी दाराआड उभी, आणि साहेब उठून भिंतीपाशी! टकटक. "वरून रंगरंगोटी चांगली हाय, पण आत दम न्हाई." मुलीच्या वडिलांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. लग्न झालं, पण साहेब येणार म्हटलं की माझे सासरे शेवटपर्यंत काही ना काही काम काढून बाहेर जात.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागलो होतो. आरेखक म्हणजे साहेब सांगतील ते कागदावर नीट रेघांत काढून देणारा. सोनकांबळे साहेब उपअभियंता होते. काळेसावळे, बुटके, कपडे कायम कडक इस्त्रीचे आणि बूट कायम धुळीचे. उदगीरहून मुखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावरगाव म्हणून गाव आहे, तिथले ते. त्यांचे वडील छप्पन सालानंतर बौद्ध झाले आणि त्यांनी पोराला शिकवायचंच असा हट्ट धरला. साहेब वसतिगृहात राहून शिकले. वसतिगृहाचा विषय निघाला की त्यांचा आवाज मऊ होत असे. एरवी तो मऊ होताना मी फारसा ऐकला नाही. "आधी मोजा, मग बोला," हे त्यांचं पालुपद. कुणी म्हणालं, साहेब, हा पूल अरुंद आहे, की साहेब, "आधी मोजा, मग बोला." कुणी म्हणालं, साहेब, यंदा ऊन फार आहे, तरी तेच. मी रजा मागायला गेलो तरी तेच. मला याचा वैताग येई आणि तो मी चेहऱ्यावर दिसू देत नसे.

कचेरीतले लोक त्यांना मागे 'फरासीस कोठीचे साहेब' म्हणत. त्याला कारण होतं. सावरगावच्या शिवारात, रस्त्यापासून थोडं आत, एक घर उभं होतं. आसपासची माणसं त्याला फरासीस, म्हणजे फ्रेंच, कोठी म्हणत. निजामाच्या काळातल्या एका जहागीरदारानं ते बांधलं. हा जहागीरदार एकदा विलायतेच्या सफरीवर गेला होता आणि फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यात एका छोट्या जमीनदाराकडे पाहुणा म्हणून राहिला. ते घर त्याच्या डोळ्यांत असं भरलं की परत आल्यावर त्यानं हैदराबादेत कामाला असलेल्या एका फ्रेंच इंजिनियराला बोलावलं आणि सांगितलं, "हूबहू वैसाच होना." इंजिनियरानं नकाशे काढून दिले. तो स्वतः सावरगावला एकदाही आला नाही. बांधलं ते इथल्या वडारांनी, सुतारांनी आणि बिगारीला धरून आणलेल्या माणसांनी. त्यांतल्या कुणीही असलं घर जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. उघड्या माळावर, चहूकडे ज्वारीची वाळलेली धाटं, आणि मधोमध हे दुमजली दगडी घर. छप्पर इतकं उभं की त्यावर मांजर ठरायचं नाही. शाळेतल्या पाट्यांचा दगड असतो तसल्या काळ्या दगडाचे पातळ तुकडे एकावर एक बसवून ते छप्पर शाकारलेलं. छपरातून डोकं बाहेर काढणाऱ्या छोट्या खिडक्या. एका कोपऱ्याला गोल बुरूज, त्यावर निमुळती टोपी आणि आत फिरता जिना. पुढे खंदक. खंदकात पाणी कधीच नव्हतं, म्हशी सावलीला बसत.

"हसू नका," साहेब म्हणाले. "हे छप्पर बर्फासाठी केलेलं हाय. तिकडं बर्फ पडतो, तो घसरून खाली यावा म्हणून येवढा उतार. आपल्याकडं बर्फ सोडा, पाऊसबी येईना. पण उतार हूबहू! आता ही धुराडी बघा." छपरावर दोन उंच धुराडी होती. आत, दिवाणखान्यात, भिंतीत शेकोटी होती. साहेबांनी मला शेकोटीत डोकं घालायला लावलं आणि वर बघा म्हणाले. वर दगड होता. धुराडं आतून बंद! नकाशात दिसलं तसं बाहेरून बांधलं, पण ते कशासाठी हे वडारांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मराठवाड्यात घरात शेकोटी पेटवायची ही गोष्ट त्यांनी कशी मानावी? जहागीरदाराला त्या दगडी पेटाऱ्यात उन्हाळ्यात झोप येईना, तो अंगणात बाज टाकून झोपायचा, असं गावातली म्हातारी माणसं सांगत. पोलीस ॲक्शननंतर त्याचं कुटुंब निघून गेलं, कोठी सरकारजमा झाली, काही दिवस तिच्यात धान्य ठेवलं आणि मग तेही ठेवेनासे झाले.

साहेबांना त्या घराची गोष्ट दोन टोकांनी माहीत होती. इंजिनियरिंगला असताना ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात त्यांना फ्रान्समधल्या असल्या घरांची चित्रं दिसली आणि ते उठून उभेच राहिले, कारण हे तर सावरगावचं घर! तेव्हापासून त्यांनी त्या घरांवर मिळेल ते वाचलं. "बिरादार, किल्ला घाबरलेला माणूस बांधतो," ते मला सांगत. "महाल मिरवणारा बांधतो. आणि हे असलं घर शेतावर नजर ठेवणारा बांधतो. म्हणून ह्याच्या खिडक्या बघा, सगळ्या शेताच्या बाजूला. आधी लढाया होत्या तवा ह्या घरांना खिडक्या न्हवत्या, नुसत्या फटी होत्या. शांतता झाली तसं दगड फोडून खिडक्या रुंद केल्या. येवढा इतिहास एका भिंतीत असतो." हे झालं एक टोक. दुसरं टोक त्यांच्या आज्याचं. आजा त्या कामावर बिगारीत होता. त्यानं दगड वाहिले, खांद्यावरून आणि पाठीवरून, आणि घर पुरं झाल्यावर पुढच्या पायरीवर पाय ठेवायला त्याला बंदी झाली. त्यामुळे साहेब कोठीत शिरायचे ते मागचं दार जवळ असलं तरी वळसा घालून पुढच्या पायऱ्यांवरून, सावकाश.

एकदा कचेरीतल्या कुणीतरी त्यांना खोचकपणे विचारलंच, "साहेब, ज्यांनी तुमच्या माणसांना राबवलं त्यांच्या घराचं तुम्हाला एवढं प्रेम कसलं?" मला वाटलं, आता हे तडकणार. ते तडकले नाहीत. "जहागीरदारानं काय बांधलं हो? त्यानं सांगितलं फक्त. बांधलं माझ्या आज्यानं. जहागीरदार गेला कुठं ते मला ठाऊक न्हाई. दगड इथंच हायेत आणि त्यांच्यावर आमचे हात हायेत." मग त्यांनी त्या माणसाला रविवारी सोबत नेऊन पुढच्या दाराच्या चौकटीवरचा दगड दाखवला. फ्रेंच नकाशात तिथं त्यांच्याकडचं तीन पाकळ्यांचं फूल होतं. वडारानं ते फूल कधी बघितलेलं नव्हतं. त्यानं ज्वारीचं कणीस कोरलं होतं, दाणा न् दाणा. साहेब त्या दगडाकडे घरच्या पोराकडे बघावं तसं बघायचे.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा दात होता. कोठीच्या आवारात वेगळा, गोल, जाड भिंतींचा कबुतरखाना होता. आतून सगळ्या भिंतीला कोनाडे. "फ्रान्सात कबुतरं पाळायचा हक्क फक्त मालकाला होता," साहेब सांगत. "ही कबुतरं उठायची ती थेट कुळांच्या शेतात. पेरलेलं वेचून खायची. कुळानं दगड मारला तर गुन्हा. त्यांची क्रांती झाली ना, तवा शेतकऱ्यांनी आधी जे मागितलं त्यात हे होतं, की हा कबुतरांचा हक्क काढा." ही गोष्ट त्यांनी सावरगावच्या गयाबाईलाही सांगितली. गयाबाई म्हणजे तिथल्या मजूर बायांच्या टोळीची मुकादम, उंचपुरी, तोंडाची फटकळ, विधवा. ती लगेच म्हणाली, "आमच्यात कबुतरं न्हाईत साहेब, रानडुकरं हायती. ती कुन्या मालकाची म्हनायची?" साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

नवा जिल्हा झाला तसं साहेबांच्या डोक्यात आलं, की या कोठीत मुलींचं वसतिगृह करायचं. आसपासच्या खेड्यांतल्या मुली सातवीनंतर घरी बसत, कारण पुढची शाळा लांब. "जहागीरदाराच्या झोपायच्या खोलीत आमच्या पोरी गणितं सोडवतील," ते म्हणत. "खिडक्या बघा केवढ्या. वाचायला उजेड म्हणजे असा." त्यांच्या बाकी सगळ्या वेडांवर मी मनातून हसायचो, पण ह्यावर हसलो नाही.

आणि मग सुरू झाली ती पायपीट. आठवलं तरी माझं डोकं फिरतं. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत गेलो, तर तुमचा जिल्हा आता वेगळा, इथं काय काम? आमच्याकडे विचारलं, तर जुनी कागदपत्रं अजून आलेली नाहीत. महसूलवाले म्हणत इमारत बांधकाम खात्याची, बांधकामवाले म्हणत महसुलाची. एकानं तर कोठी नांदेड जिल्ह्यात येते असं ठोकून दिलं आणि ती आपल्याच हद्दीत आहे हे पटवायला साहेबांना पुन्हा मोजणी करावी लागली. मी त्या घराचे नकाशे इतक्या वेळा काढले की आजही डोळे मिटून काढीन. तेवढ्यात दुष्काळ पडला. आधीच्या वर्षीही पाऊस हुलकावणी देऊन गेला होता, त्या वर्षी तो फिरकलाच नाही. सगळं खातं खडीच्या मागे लागलं. नव्या जिल्ह्याला नवे रस्ते हवेत, रस्त्यांना खडी हवी, आणि लोकांना काम हवं. मग जिकडेतिकडे बायामाणसं उन्हात बसून दगड फोडू लागली. त्यात कोठीचा विषय कोण काढणार? साहेब काढत. प्रत्येक बैठकीच्या शेवटी काढत. वरचे साहेब शेवटी कंटाळले असावेत. ते म्हणाले, "ठीक आहे, करा. पण नवा दगड मिळणार नाही. उत्तरेची बाजू ढासळली आहे, ती त्याच दगडांत पावसाळ्याआधी उभी करून दाखवा. मग वसतिगृहाचं बघू."

साहेब त्या दिवशी लातूरहून सावरगावपर्यंत जीपमध्ये गुणगुणत आले.

इथं मला दोन गोष्टी समजावून सांगायला हव्यात. पहिली खाणीवरची. खडीच्या कामावर दगडांवरून टोळ्यांची भांडणं होत. चांगला, फुटायला सोपा दगड सगळ्यांनाच हवा. साहेबांनी त्यावर स्वतः एक पद्धत बसवली. प्रत्येक टोळीला आकडा दिला आणि खाणीतल्या दगडांवर चुन्यानं तो आकडा घालायचा. ज्या टोळीचा आकडा, त्या टोळीचा दगड. भांडण संपलं. सगळ्या बाया अक्षरओळख नसतानाही स्वतःच्या टोळीचा आकडा ओळखू लागल्या. दुसरी गोष्ट कोठीची. भिंत उतरवून पुन्हा तशीच बांधायची तर कुठला दगड कुठल्या थरातला हे कळायला हवं. म्हणून साहेबांनी ढासळलेल्या आणि झुकलेल्या भिंतींच्या दगडांवर थराचा आकडा घातला. पायाचा थर एक, त्यावरचा दोन, असं वरपर्यंत, बुरुजासकट. कुणाला सांगितलं नाही, स्वतः डबा आणि कुंचला घेऊन, सुट्टीच्या दिवसांत शिडीवर चढून घातला. चुन्यानं!

उभा जन्म दुसऱ्यांच्या अर्ध्या इंचाच्या चुका धरणारा हा माणूस. रंगाचा डबा कचेरीत माझ्या टेबलाखाली होता. पण पाऊस आला की चुना धुऊन जाईल आणि भिंतीला डाग राहणार नाही, असा त्यांचा हिशेब. मला अजून त्या हिशेबाचा संताप येतो.

कबुतरखान्याला त्यांनी आकडे घातले नाहीत. तो पाडून त्याचा दगड मुलींच्या न्हाणीघराला वापरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली आणि तीही साहेबांच्याच खटपटीनं. खाण गावापासून लांब होती. पोटुशी बाई, लेकुरवाळी बाई, सगळ्यांना उन्हात तेवढं अंतर तुडवावं लागे, पाण्याचा टँकरही तिथवर पोचत नसे. गयाबाईनं साहेबांना गाठून सांगितलं होतं, "काम गावाजवळ आना साहेब, न्हाईतर एखादी मरंल वाटंत." साहेबांनी वर लिहून, भांडून ते मंजूर करून घेतलं. मंजुरी आली तेव्हा आम्ही दोघं लातूरला होतो. दुष्काळाची पाहणी करायला कुणी मोठे येणार होते. ते आज येणार, उद्या येणार म्हणून सगळ्या अधिकाऱ्यांना बसवून ठेवलं होतं. आम्ही नकाशांच्या गुंडाळ्या मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून राहिलो. इकडे सावरगावला नवा हजेरी कारकून आला होता. त्याला हुकूम होता की काम गावाजवळ लावा. त्यानं गावाजवळ दगड शोधला. दगड होताच, आणि त्यावर टोळ्यांचे आकडेही घातलेले होते.

आम्ही परत पोचत आलो तेव्हा उन्हं उतरत होती. गाव दिसायच्या आधीच हातोड्यांचा आवाज येऊ लागला. साहेब जीपमधून बाहेर वाकले. "ऐकलं का बिरादार? काम गावाजवळ आलं!" त्यांचा चेहरा असा खुलला होता की मीही हसलो. जीप वळणावर आली. समोर माळ होता, कबुतरखाना होता, आणि त्याच्या मागे आकाश. बुरूज नव्हता. मला आधी वाटलं, ड्रायव्हरनं रस्ता चुकवला.

उत्तरेची बाजू पुरती गेली होती. बुरुजाच्या जागी खड्डा. दर्शनी भिंत अर्ध्यात येऊन थांबलेली आणि छप्पर एका अंगाला लोंबत होतं. आवारात टोळ्या ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येक टोळीपुढे आपल्या आकड्याचे दगड आणि आपला खडीचा ढीग. आरडाओरडा नाही, भांडण नाही. इतकं शिस्तीत काम मी त्या दुष्काळात कुठंही पाहिलं नव्हतं.

गयाबाई आम्हाला बघून लगबगीनं पुढं आली. पदरानं तोंड पुसलं आणि साहेबांपुढे हात जोडले. ती कुणापुढे हात जोडणाऱ्यांतली नव्हती. "साहेब, तुमी नंबर घातलं तसंच घेतलं बगा. एक दगुड इकडचा तिकडं केला न्हाई. वरल्या दगडाचं नंबर कुन्याच टोळीचं न्हवतं, ते म्या सारकं वाटून दिलं." मग तिचा आवाज बारीक झाला. "आमी काम जवळ आना म्हनलं हुतं. तुमी तुमचं घरच देऊन टाकलं. ह्या कोठीवर तुमचा किती जीव, ते आख्ख्या गावाला ठाव हाय. येवढं मन कुनी करत न्हाई, साहेब."

बाकीच्या बाया हातोडे थांबवून बघत होत्या. हजेरी कारकून बाजूला उभा राहून साहेबांच्या शाबासकीची वाट बघत होता. माझ्या जिभेवर आलं होतं, अगं बाई, काय केलंत हे! साहेबांनी मान न वळवता माझ्या दंडावर हात ठेवला आणि तो दाबला. 

"कबुतरखान्याला हात लावला न्हाई?" त्यांनी विचारलं.

"त्याला नंबर न्हवता नं," गयाबाई म्हणाली.

"बरोबर केलं, बाई," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बिरादार, माप घ्या. ह्यांचं काम अडकून राहायला नको. मोजा."

मी फीत काढली आणि ढीग मोजू लागलो. मोजता मोजता माझं लक्ष त्यांच्याकडेच होतं. ते एका ढिगापाशी थांबले, बुटाच्या टोकानं खडी थोडी बाजूला केली, दुसऱ्या ढिगापाशी गेले, तिथंही केली. कणसाचा दगड शोधत होते. चौकटीवरचा दगड चांगला घडीव, फोडायला सोपा. तो पहिल्याच दिवशी गेला असणार. मोजणी झाली आणि आम्ही जीपमध्ये बसलो. 'आधी मोजा' झालं होतं. 'मग बोला' कधी येतं म्हणून मी वाट बघत होतो. उदगीर आलं तरी ते बोलले नाहीत. उतरताना फक्त म्हणाले, "हे बाहेर बोलायचं न्हाई. आपण कुणाच्या तरी चुकीनं घर फोडलं, हे त्या बायांना कळायला नको. त्यांना कुणीतरी काहीतरी दिलं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटायलंय. ते तसंच राहू द्या."

मला राग आला तो या वाक्याचा. त्यांनी ओरडायला हवं होतं. कारकुनाला झापायला हवं होतं, स्वतःचं कपाळ बडवून घ्यायला हवं होतं. मी बाजूला बसून आतल्या आत उकळत होतो आणि हे गृहस्थ इस्त्रीच्या शर्टावरची धूळ झटकत होते. पुढे व्हायचं ते झालं. वरून हुकूम आला, मुख्य इमारत धोकादायक, उतरवून दगड रस्त्याला वापरा. उतरवण्याचं काम साहेबांकडेच आलं. त्यांनी ते नीट केलं. उदगीर–मुखेड रस्त्याचा तो तुकडा पुढे कित्येक वर्षं उखडला नाही, एवढं मात्र खरं. वसतिगृह झालं, पण तालुक्याला, सपाट स्लॅबचं, बुटक्या खिडक्यांचं. उद्घाटनाला साहेब गेले, भिंतीवर टकटक केलं आणि भाषणाला जाऊन बसले. त्यांनी निकाल सांगितला नाही, असं हे पहिलंच घर. सावरगावच्या मुली त्यात किती राहिल्या, हे मी शोधायला गेलो नाही. मला त्याची भीती वाटली.

निवृत्तीनंतर ते लातूरलाच राहिले. मी जायचो. कधी चुकून कोठीचा विषय निघाला तर म्हणायचे, "जे ठेवायचं न्हवतं नेमकं तेच राहिलं बघा, बिरादार. मालकाची कबुतरं." आणि हसायचे. ते हसणं मला बघवत नसे. शेवटी दवाखान्यात होते, नाकाला नळी होती, तेव्हा मी खाटेशी बसलो होतो. त्यांचा हात भिंतीकडे सरकला. मला वाटलं, पाणी मागताहेत. त्यांनी पेरांनी भिंत वाजवली, एकदाच. मी विचारलं, "काय साहेब, पोकळ?" त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं.

साहेब गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सावरगावला ठेवला होता. मी उदगीरहून एसटीनं गेलो. कंडक्टर तरुण होता. मी म्हणालो, "एक फरासीस कोठी."

"असला थांबा न्हाई वो ह्या रूटवर."

"सावरगावच्या अलीकडे. माळावर."

"कबुतरखाना म्हना की!" त्यानं तिकीट फाडून हातावर ठेवलं.

मंडपात बुद्धवंदना झाली आणि मग माणसं बोलायला उठली. साहेब किती शिकलेले, किती शिस्तीचे, किती सच्चे. शेवटी गयाबाई उठली. पार वाकली होती, पण आवाज तोच. ती म्हणाली, "लई साहेब आलं आन् गेलं. दुष्काळात पानी दिल्यालं बगितलं, धान्य दिल्यालं बगितलं. पर जीव लावल्यालं घर फोडायला दिल्यालं म्या येकच बगितलं." बाया रडल्या. साहेबांच्या मुलानं डोळे पुसले. मी तिथं बसलो होतो. वाटत होतं, उठावं आणि सांगावं, की त्या माणसानं घर दिलं नव्हतं, त्याला ते हवं होतं, तुमच्याच पोरींसाठी हवं होतं! माझ्या दंडावर पुन्हा तो हात आल्यासारखं वाटलं. गयाबाई मागच्या उन्हाळ्यात गेली. म्हणून आज लिहितो आहे.

त्या दिवशी परतीच्या एसटीची वाट बघत मी कबुतरखान्याच्या सावलीत थांबलो. गावकऱ्यांनी त्याच्या दारापाशी बसायला फरशी घातली आहे. कोनाड्यांत कबुतरं घुमत होती. माळावर दुसरं काही नव्हतं, खंदकाचा खळगासुद्धा बुजला होता. सहज हात वर गेला आणि मी पेरांनी भिंतीवर टकटक केलं. भरीव होती. आतपर्यंत, चांगली भरीव होती. मला इतका राग आला, की गाडी येऊन उभी राहिली तरी मी ती भिंत वाजवतच राहिलो.